४०००६८: दहिसरचा पिनकोड गणिताच्या नजरेतून

४०००६८, म्हणजे चार लाख अडुसष्ट. हा मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या दहिसरचा पिनकोड आहे. बँकेचा फॉर्म असो, कुरिअर असो की ऑनलाइन मागवलेलं सामान, इथली माणसं हे सहा अंक न बघता लिहून मोकळी होतात. टपाल खात्यासाठी हा फक्त पत्त्याचा भाग आहे. दोन पिनकोडची बेरीज किंवा गुणाकार कुणी करत नाही.

पण हाच आकडा एक पूर्ण संख्या म्हणून पाहिला तर त्यात बरंच काही सापडतं. तो ‘हर्षद’ आहे, ‘विपुल’ आहे आणि ‘स्वयंभू’सुद्धा आहे. यातली दोन नावं डहाणूत जन्मलेल्या एका मराठी शाळामास्तरांनी दिलेली आहेत. या नावांचा अर्थ काय, ती कशी तपासायची आणि त्यांना किती महत्त्व द्यायचं, ते समजून घेऊया. कागद-पेन किंवा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ असला की पुरे.

हा आकडा आला कुठून?

भारतात पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषा आणि वाचता न येणारी अक्षरं यांमुळे पत्रं भरकटत. त्यावर उपाय म्हणून ही सहा अंकांची पद्धत आली. तिची आखणी करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते आणि संस्कृतचे कवीही होते.

पिनकोडमधला पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो. ४ या विभागात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो, तर शेवटचे तीन अंक टपाल वाटणारं कार्यालय दाखवतात. म्हणजे ४०००६८ हा आकडा कुणी गणिती गुण बघून निवडलेला नाही. पुढे जे काही दिसेल, ते योगायोगाने वाट्याला आलेलं आहे.

अवयव पाडल्यावर काय दिसतं?

कुठल्याही संख्येची ओळख तिच्या मूळ अवयवांपासून सुरू होते. शाळेत शिकलेल्या कसोट्या इथे कामाला येतात. शेवटचे दोन अंक ६८ आहेत आणि त्यांना ४ ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही ४ ने भाग जातो. सगळ्या अंकांची बेरीज ४ + ६ + ८ = १८ आहे. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ४ आणि ९ मध्ये सामाईक अवयव नाही, त्यामुळे ३६ नेही भाग जाणारच.

४०००६८ ÷ ३६ = ११,११३.

आता ११,११३ चे आणखी तुकडे होतात का? १०६ चा वर्ग ११,२३६ आहे, म्हणून १०५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिलं की पुरे. अशा संख्या २७ आहेत आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. म्हणजे ११,११३ ही मूळ संख्या आहे. म्हणून:

४०००६८ = २ × २ × ३ × ३ × ११,११३

एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

विपुल: विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त

या संख्येला एकूण १८ विभाजक आहेत. त्यांतले नऊ छोटे आहेत: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ आणि ३६. या प्रत्येकाला ११,११३ ने गुणलं की उरलेले नऊ मिळतात: ११,११३, २२,२२६, ३३,३३९, ४४,४५२, ६६,६७८, १,००,०१७, १,३३,३५६, २,००,०३४ आणि स्वतः ४,००,०६८.

संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ६,११,३०६ भरते. ती संख्येपेक्षा मोठी आहे. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. बेरीज संख्येइतकीच आली तर संख्या परिपूर्ण (उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३), कमी आली तर न्यून. ही वाटणी फार जुनी आहे. ग्रीक गणितज्ञ निकोमाकस यांच्या सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ती आढळते.

मात्र यात दहिसरचं खास कौतुक नाही. ६ ने भाग जाणारी आणि ६ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुलच असते. कारण तिचा अर्धा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश हे तीन भाग मिळूनच पूर्ण संख्या होते. इथे २,००,०३४ + १,३३,३५६ + ६६,६७८ = ४,००,०६८. त्यात १ हा विभाजक मिळवला की बेरीज पुढे गेलीच.

टाऊ संख्या: विभाजक किती, तेही भाग जाणारं

दहिसरच्या आकड्याला १८ विभाजक आहेत आणि १८ ने त्याला भागही जातो. ज्या संख्येला तिच्या विभाजकांच्या संख्येने भाग जातो, तिला टाऊ संख्या म्हणतात. विभाजक मोजण्यासाठी गणितात टाऊ हे ग्रीक अक्षर वापरतात, त्यावरून हे नाव पडलं. कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी १९९० मध्ये या संख्यांचा अभ्यास मांडला. पुढे सायमन कोल्टन यांनी लिहिलेल्या, नव्या गणिती कल्पना शोधणाऱ्या एका संगणक प्रोग्रॅमने हीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली.

१ ते १०० मध्ये अशा १६ संख्या आहेत. जसजसं मोठ्या संख्यांकडे जावं, तसतसं त्यांचं प्रमाण कमी होत जातं. त्यामुळे चार लाखांच्या घरातली टाऊ संख्या ही विपुल संख्येपेक्षा नक्कीच विरळ गोष्ट आहे.

दोन वर्गांची बेरीज

शेवटचा अंक ८ असल्यामुळे ४०००६८ हा कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग असू शकत नाही. वर्गसंख्या २, ३, ७ किंवा ८ वर संपत नाहीत. पण हा आकडा दोन वर्गांची बेरीज मात्र आहे:

४६२ × ४६२ = २,१३,४४४
४३२ × ४३२ = १,८६,६२४
बेरीज = ४,००,०६८

हे कसं जुळलं? ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. सतराव्या शतकात फर्मा यांनी हे सांगितलं आणि अठराव्या शतकात ऑयलर यांनी सिद्ध केलं. ११,११३ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते आणि ती ७७ व ७२ यांच्या वर्गांची बेरीज आहे. दोन्हींना ६ ने गुणलं की ४६२ आणि ४३२ मिळतात.

डहाणूचे मास्तर: द. रा. कापरेकर

इथून पुढचे गुण समजण्यासाठी एका माणसाची ओळख हवी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. पश्चिम रेल्वेने दहिसरहून उत्तरेला निघालं, की विरार, पालघर मागे टाकून पुढे लागतं तेच डहाणू. त्यांचं शालेय शिक्षण ठाण्यात झालं आणि पुढचं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते.

त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली जागा नव्हती आणि संगणक तर नव्हताच. आकडे लिहायचे, त्यांच्याशी खेळायचं आणि सापडलेलं छोट्या पुस्तिकांमधून छापायचं, असा त्यांचा क्रम होता. ‘डेम्लो’ नावाच्या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली आणि त्या संख्यांचं नावही त्या स्टेशनावरूनच आलं. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि कापरेकर हे नाव जगभर पोहोचलं. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

हर्षद: अंकांच्या बेरजेने भाग जाणारी

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी.

४०००६८ च्या अंकांची बेरीज १८ आणि ४०००६८ ÷ १८ = २२,२२६. म्हणजे दहिसर हर्षद आहे. वांद्रे पश्चिम (४०००५०), मुलुंड पश्चिम (४०००८०) आणि घाटकोपर पश्चिम (४०००८६) हेही हर्षद आहेत. शेजारचं बोरिवली पूर्व (४०००६६) मात्र नाही. तिथे बेरीज १६ येते आणि भाग जात नाही.

१ ते १०० मध्ये ३३ हर्षद संख्या आहेत, म्हणजे लहान संख्यांमध्ये त्या मुबलक आहेत. दहिसरची गंमत एवढीच की अंकांची बेरीजही १८ आणि विभाजकही १८.

स्वयंभू: जिला जनक नाही

आता सगळ्यात रंगतदार भाग. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. मिळालेल्या उत्तराची पहिली संख्या ‘जनक’. मुंबईचे पिनकोड घेऊन पाहा:

४०००४९ (जुहू) + १७ = ४०००६६ (बोरिवली पूर्व)
४०००५४ (सांताक्रूझ पश्चिम) + १३ = ४०००६७ (कांदिवली पश्चिम)
४०००५५ (सांताक्रूझ पूर्व) + १४ = ४०००६९ (अंधेरी पूर्व)

६६ ला जनक आहे, ६७ ला आहे, ६९ ला आहे. आणि ६८ ला? शोधून बघू.

कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागलं तर बाकी सारखीच उरते. म्हणून जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून ४०००६८ व्हायचे असतील, तर जनकाला ९ ने भाग जायलाच हवा. शिवाय सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४ असते. म्हणजे जनक ४०००१४ च्या खाली असू शकत नाही. उरतात एवढेच उमेदवार:

४०००१४ + ९ = ४०००२३
४०००२३ + ९ = ४०००३२
४०००३२ + ९ = ४०००४१
४०००४१ + ९ = ४०००५०
४०००५० + ९ = ४०००५९
४०००५९ + १८ = ४०००७७

प्रत्येक पायरीवर ९ ची उडी होती. शेवटी एकदम १८ ची उडी पडली आणि मधला ४०००६८ हुकला. त्याला जनकच नाही. अशा संख्येला कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. देवळालीवरून तिला ‘देवळाली संख्या’ असंही नाव आहे.

१ ते १०० मध्ये स्वयंभू संख्या फक्त १३ आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊनंतर त्या ११ च्या अंतराने येतात, हे लक्षात आलं असेल. मोठ्या आकड्यांतही तसाच पट्टा दिसतो. दहिसरच्या ११ आधी विलेपार्ले पूर्व (४०००५७) स्वयंभू आणि ११ नंतर विक्रोळी पश्चिम (४०००७९) स्वयंभू.

दहिसरला जनक नसला तरी त्याच्यापासून पुढे वंश चालतो. ४०००६८ + १८ = ४०००८६, म्हणजे घाटकोपर पश्चिम. त्यात पुन्हा १८ मिळवले की ४००१०४, म्हणजे गोरेगाव पश्चिम. प्रत्यक्षात मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन दहिसर. या खेळात मात्र ते गाडी सुटण्याचं ठिकाण ठरतं.

६१७४ च्या मोठ्या भावंडाकडे दोन पावलांत

कापरेकरांचं सर्वात प्रसिद्ध संशोधन म्हणजे ६१७४. चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

सहा अंकांना एकच मुक्काम नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर आणि काही सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतात. दहिसरचं काय होतं?

८६४००० − ०००४६८ = ८६३५३२
८६५३३२ − २३३५६८ = ६३१७६४
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

दोनच पावलांत मुक्काम गाठला. तिसऱ्या ओळीत तीच संख्या परत आली, म्हणजे इथून पुढे हलणं नाही.

काय नाही, तेही महत्त्वाचं

सगळ्या याद्यांमध्ये ही संख्या बसत नाही.

ती ‘कापरेकर संख्या’ नाही. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. ४०००६८ चा वर्ग १६००५४४०४६२४ आहे. त्याचे दोन भाग मिळवले तर १६००५४ + ४०४६२४ = ५६४६७८ होतात. जुळलं नाही.

ती ‘स्मिथ संख्या’ही नाही. जिच्या अंकांची बेरीज तिच्या मूळ अवयवांमधल्या सगळ्या अंकांच्या बेरजेइतकी असते, ती स्मिथ संख्या. अमेरिकेतले गणितज्ञ अल्बर्ट विलान्स्की यांना १९८२ मध्ये मेहुण्याच्या फोन नंबरात हा गुण दिसला, म्हणून मेहुण्याचं आडनाव. इथे अवयवांच्या अंकांची बेरीज २ + २ + ३ + ३ + १ + १ + १ + १ + ३ = १७. हवे होते १८. एकाने हुकलं.

आणि गंमत म्हणजे ती ‘आनंदी संख्या’ नाही. अंकांचे वर्ग मिळवत गेल्यावर शेवटी १ आला तर संख्या आनंदी. इथे ११६, ३८, ७३, ५८, ८९ असं होत पुढे पुन्हा ५८ येतो आणि चक्र सुरू होतं. म्हणजे दहिसर हर्षद आहे, पण आनंदी नाही.

गुण संख्येचा की लिहिण्याचा?

आता मुद्द्याची गोष्ट. वरचे सगळे गुण एका जातीचे नाहीत.

४०००६८ एवढे खडे जमिनीवर पसरले आणि त्यांचे सारखे ढीग करत बसलं, तरी १८ विभाजक मिळतील. ढिगात किती खडे ठेवायचे, हे निवडण्याच्या १८ रीती असतील. इथे आकडे कुठल्या लिपीत किंवा पद्धतीत लिहिले, याचा संबंध नाही. विपुल असणं, टाऊ असणं आणि दोन वर्गांची बेरीज असणं हे संख्येचे स्वतःचे गुण आहेत.

हर्षद, स्वयंभू, स्मिथ आणि आनंदी हे गुण मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून आहेत. संगणक हीच संख्या ११००००११०१०११०००१०० अशी लिहितो. त्यात १ हा अंक आठ वेळा येतो, म्हणजे अंकांची बेरीज ८. पण ४०००६८ ला ८ ने भाग जात नाही. संगणकाच्या पद्धतीत दहिसर हर्षद नाही.

कापरेकरांच्या कामाला किरकोळ म्हणणाऱ्यांचा आक्षेप बराचसा हाच होता. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. स्वयंभू संख्या शोधताना आपण आत्ताच बाकीचा नियम वापरला, उमेदवार कमी केले आणि जनक नाही हे पक्कं सिद्ध केलं. आकडे दशमान असले तरी विचार गणिताचाच होता. आणि तो सातवीतल्या मुलालाही करता येतो.

हा फरक ध्यानात असला की अंकज्योतिषाच्या पोस्ट ओळखता येतात. ‘तुमच्या पिनकोडची बेरीज ९ आली तर भाग्य उजळेल’ असा मजकूर समोर आला तर लक्षात ठेवा: बेरीज ९ येणं म्हणजे फक्त ९ ने भाग जाणं, आणि दर नवव्या संख्येला तो जातो. दहिसर, वांद्रे पश्चिम, घाटकोपर पूर्व, घाटकोपर पश्चिम आणि गोरेगाव पश्चिम या सगळ्यांची बेरीज शेवटी ९ येते. एवढ्या लाखो माणसांचं नशीब एकसारखं असतं, असं कुणी म्हणणार नाही. हर्षद हा शब्द तपासता येतो, ‘भाग्यवान’ हा नाही.

एका नजरेत ४०००६८

• मूळ अवयव: २ × २ × ३ × ३ × ११,११३
• विभाजक: १८
• विभाजकांची बेरीज (स्वतः सोडून): ६,११,३०६, म्हणून विपुल
• टाऊ संख्या: आहे
• दोन वर्गांची बेरीज: ४६२ आणि ४३२ यांच्या वर्गांची
• हर्षद: आहे
• स्वयंभू: आहे
• कापरेकर, स्मिथ, आनंदी, वर्गसंख्या: नाही

तुमचा पिनकोड स्वयंभू आहे का?

१. पिनकोडच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करा.
२. तो अंक सम असेल तर निम्मा करा. विषम असेल तर ९ मिळवून निम्मा करा.
३. पिनकोडपासून मागे ५४ पर्यंत जा. ज्या संख्यांच्या अंकांची बेरीज शेवटी दुसऱ्या पायरीतल्या अंकाइतकी येते, तेवढ्याच लिहा. त्या जास्तीत जास्त सहा-सात निघतील.
४. प्रत्येकीत तिच्या अंकांची बेरीज मिळवा. पिनकोड मिळाला तर जनक सापडला. एकीतूनही मिळाला नाही, तर पिनकोड स्वयंभू.

बोरिवली पूर्वेवर करून पाहा: ४०००६६ ची बेरीज १६, म्हणजे ७. विषम आहे, म्हणून ७ + ९ = १६ आणि निम्मे ८. मागे जाताना ४०००५८ आणि ४०००४९ या ८ बेरजेच्या संख्या लागतात. पहिलीतून ४०००७५ मिळतात, दुसरीतून ४०००६६. जनक सापडला, बोरिवली पूर्व स्वयंभू नाही.

वहीचं अर्धं पानही लागत नाही.